खालच्या वाडीतले निळे कंद

अर्डिथच्या मागच्या दारी पत्र्याची जुनी घंगाळी होती, बुडाला गळकी आणि काठाला गंजलेली. त्यांत ती निळे कंद वाढवायची. वाढवायची म्हणजे काय, त्यांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्यायची. हिवाळ्यातल्या सरी पडल्या की मातीतून गवतासारखी पाती वर यायची. वसंतात सुतळीएवढ्या बारीक देठांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके डोलायचे. उन्हाळा लागला की सगळं वाळून, मोडून मातीला मिळायचं. मग कितीतरी महिने घंगाळ्यांत नुसती कोरडी माती. नवख्या माणसाला वाटावं, या बाईनं माती पाळलीय.

उन्हाळ्यात त्या मातीला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही, नाहीतर कंद कुजतात, हे तिला आईनं लहानपणीच शिकवलं होतं. दुष्काळाचं मात्र त्यांना भय नव्हतं. एखाद्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही, तरी ते अंग चोरून जमिनीत पडून राहत आणि पुढच्या वर्षी काही झालंच नाही अशा थाटात उगवत.

हे कंद मूळचे खालच्या वाडीतले. अर्डिथची आई नेटी लहान पोर होती, तेव्हा दरीच्या तोंडाशी धरण झालं आणि पाणी चढू लागलं. मोनो आदिवासींची तिथली घरं उठली. ज्याला जे उचलता आलं ते त्यानं उचललं: टोपल्या, गोधड्या, कोंबड्या. नेटीच्या आईनं पिठाच्या रिकाम्या गोणीत कंद खणून भरले आणि गोणी पाठीवर मारून ती डोंगर चढली. ओकची फळं कुटायची उखळं मात्र खडकातच कोरलेली. ती कुठून आणणार? उखळं धरणाच्या टोलमन तलावाखाली गेली.

पाऊस कमी होण्याचं हे लागोपाठ तिसरं वर्ष. त्यात अर्डिथची घंगाळी रुसली होती. वसंतात पाती आली भरभरून, पण फुलांच्या नावानं शंख. सगळ्या घंगाळ्यांत मिळून एक झुबका फुलला, तोही अंगठ्याएवढा. कारण तिला ठाऊक होतं. एकेका कंदाभोवती दरवर्षी पिल्लं धरतात. ती वेळच्या वेळी सोडवून दुसरीकडे लावली नाहीत तर दाटी होते, आणि दाटीत कोण फुलणार? पण लावायचे कुठे? तिचं घर होतं खडकावर. वीतभर खणलं की पहार ठणकन वाजायची.

उन्हाळा सरत आला होता. एक दिवस ती पायरीवर बसून ओकची फळं फोडत होती. दारात तिचा धाकटा भाऊ ऑर्व्हल येऊन उभा राहिला.

"या, धरणवाले," अर्डिथ म्हणाली.

ऑर्व्हलनं उभी हयात त्याच धरणाच्या दारांवर नोकरी केली होती. बावीस वर्षांचा असताना तो तिथे चिकटला, तेव्हा अर्डिथनं वर्षभर त्याच्याशी अबोला धरला होता. आई काही बोलली नव्हती. भिंतीवर वारा फार म्हणून तिनं त्याला लोकरीची टोपी तेवढी विणून दिली होती. पुढे रागाची धार बोथट झाली आणि हाक मारायला एक टोमणा उरला. आता तो निवृत्त होऊनही काही वर्षं झाली होती, पण टोमण्याला निवृत्ती नव्हती.

"ताई, तलाव उतरवलाय," तो म्हणाला. "दारांची दुरुस्ती काढलीय. हिवाळाभर रिकामाच ठेवणार. खालची वाडी उघडी पडलीय."

अर्डिथचे हात थांबले. "पाहिलीस?"

"लांबून. भिंतीवरून. उखळांचा खडक दिसतो."

"मग जवळ का नाही गेलास?"

ऑर्व्हलनं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "एकट्यानं जाववेना."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. ऑर्व्हलची बायको बर्निसही आली, पण खाली उतरायचं म्हटल्यावर तिनं ट्रकमधूनच हात हलवला. "तुम्ही जा. माझे बूट नवे आहेत. मी सँडविचांना सोबत करते."

तलावाचा तळ म्हणजे एक वेगळाच मुलूख होता. पायाखाली भेगाळलेला गाळ, पापडासारखा पातळ आणि कुरकुरीत. मध्येच ओकचे काळे बुंधे उभे, पाण्याखाली सत्तर-ऐंशी वर्षं राहून दगडासारखे झालेले. पाखरू नाही, वारा नाही. दोन्ही बाजूंच्या उतारांवर जुन्या पाण्याच्या रेघा ओढलेल्या, एकाखाली एक. अर्डिथला वाटलं, आपण चालत नाही, बुडतोय, फक्त पाणी कोरडं आहे. बोललं तर तोंडातून बुडबुडे निघतील म्हणून ती गप्प राहिली. ऑर्व्हलचे डोळे सारखे वर जात होते, जिथे एरवी पाण्याची पातळी असायची तिथे.

उखळांचा खडक ओढ्याकाठी होता. गुळगुळीत, रुंद, पाठ टेकून झोपावं असा. त्यात उखळं ओळीनं, गाळानं गळ्यापर्यंत भरलेली. अर्डिथनं पिशवीतून चमचा काढला आणि कडेचं सर्वांत लहान उखळ कोरून साफ केलं.

"हे आईचं," ती म्हणाली. "ती सांगायची ना, मोठ्या बायकांत जागा नव्हती म्हणून मला कडेला बसवायच्या, ओढ्याकडे तोंड करून."

तिनं उखळात हात घातला. मनगटापर्यंतच गेला. आत दगड थंड होता आणि काचेसारखा घोटीव.

ऑर्व्हल जुन्या घरांच्या जागा शोधत पुढे गेला. अर्डिथ खडकावर आडवी झाली. ऊन कोवळं नव्हतं, कडकही नव्हतं. खडक हळूहळू तिच्या अंगाचा झाला. डोळा कधी लागला ते कळलं नाही. तिला कुटण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, ठक् ठक्, ठक् ठक्, अनेक हातांचा, आणि वर कुठेतरी छतासारखं हिरवं पाणी हलत होतं. कडेच्या उखळापाशी एक पोर बसली होती, केसांत पिठाची धूळ, गुडघे खरचटलेले. तिनं अर्डिथकडे निरखून पाहिलं.

"आजी, तू कोणाची?" पोरीनं विचारलं.

अर्डिथला सांगायचं होतं, पण तोंड ओकच्या पिठानं भरलेलं होतं. तिनं नुसता हात पुढे केला. पोर हसली आणि पुन्हा कुटायला लागली, जणू आजीबाई रोजच येतात.

जाग आली तेव्हा ऑर्व्हल शेजारी बसून बुटातला गाळ झटकत होता.

"कंद इथे लावायचे," अर्डिथ उठता उठता म्हणाली.

"काय?"

"खडकाच्या वरच्या अंगाला तांबडी वाळू आहे. गाळ वाहून गेलाय तिथला. सगळी घंगाळी रिकामी करून इथे लावायची."

"ताई, ऊन लागलं का तुला? वसंतात वर बर्फ वितळलं की दारं बंद करतील. हे सगळं पाण्याखाली."

"कधी?"

"बर्फावर आहे. मे महिन्यात धर."

"फुलं एप्रिलात येतात."

"आणि मग?"

"मग काय? फुलं आली म्हणजे आली."

ऑर्व्हलनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं तो धरणाच्या भिंतीवरून खाली डोकावणाऱ्या पर्यटकांकडे पाहायचा. पण पहिल्या पावसाच्या आधी, पानगळ सुरू झाली तेव्हा, ट्रक घेऊन तोच आला.

घंगाळी उपडी केली तर आत मातीपेक्षा कंदच जास्त. बोराएवढे, तपकिरी जाळीचं पांघरूण घेतलेले, आणि प्रत्येकाच्या कमरेला दाण्यांएवढी पिल्लं लटकलेली. "लेकुरवाळे आहेत नुसते," ऑर्व्हल म्हणाला. लहानपणी त्यानं ते खाल्ले होते, पण सोडवायला कधी बसला नव्हता. अर्डिथनं त्याला दाखवलं: पिळायचं नाही, ओढायचं नाही, अंगठ्यानं फक्त विचारायचं. तयार असेल ते पिल्लू आपणहून सुटतं.

तलावात उतरून तिनं आधी जमिनीचा मान म्हणून वाळूवर चिमूटभर तंबाखू ठेवली आणि ओठांतल्या ओठांत काही बोलली. मग आईची खणायची काठी घेतली, कठीण लाकडाची, टोक विस्तवात भाजून टणक केलेली. ऑर्व्हलनं चकचकीत कुदळ आणली होती.

"हिनं काय धरण बांधतोस?" अर्डिथनं विचारलं.

"तुझ्या काठीनं लावत बसलो तर पाणी येईल तोवर."

"मग बोलणं कमी कर."

संध्याकाळपर्यंत खडकाच्या वरचा सगळा उतार लावून झाला. एका खोलीएवढी जागा असेल. दिसत काहीच नव्हतं, फक्त उकरलेली वाळू. परत जाताना ऑर्व्हल दोनदा वळून पाहायला थांबला.

हिवाळा बेताचाच झाला. दोन-चार सरी आल्या, त्याही पाहुण्यासारख्या, दारातूनच परतणाऱ्या. गावातल्या हिरवळी पिवळ्या पडल्या, विहिरींचे पंप कोरडे खोकू लागले. पण तलावाच्या तळाशी हिरवी पाती उगवली. ऑर्व्हल दर आठवड्याला जाऊन यायचा आणि येताना अर्डिथच्या घरावरून. "आलीत," एवढंच सांगायचा. मग "वाढलीत." मग एक दिवस म्हणाला, "मधून देठ निघालेत. तुझ्या चष्म्याच्या काडीपेक्षा बारीक." फेब्रुवारी संपता संपता उंच डोंगरांवर मात्र अचानक मोठं बर्फ पडलं. खाली थेंब नाही, वर शिखरं पांढरीशुभ्र. लोक आनंदले. ऑर्व्हल त्या शिखरांकडे पाहून आनंदला नाही.

एप्रिल लागताच फुलं आली. दरीभर धुळीचा एकच रंग, आणि मध्ये उतारावर निळा तुकडा, जमिनीपासून वीतभर वर तरंगत असल्यासारखा. देठ इतके बारीक की लांबून दिसायचेच नाहीत, नुसते झुबके हवेत. मधमाश्या कुठून आल्या देव जाणे. जिथे दोन पिढ्यांत एक फूल उमललं नव्हतं, तिथे त्या गुणगुणत उतरल्या, जणू पत्ता पाठ होता.

बातमी फुटली. चुलत, मावस, कोण कोण आलं. घडीच्या खुर्च्या आल्या, उकडलेले घेवडे आले, तळलेल्या भाकऱ्या आल्या. एका म्हाताऱ्या चुलत्यानं खडकावर बसून गाणं म्हटलं. शब्द त्याला अर्धेच आठवत होते, उरलेल्या जागी तो नुसता सूर धरायचा, आणि ते अर्धं गाणं कोणालाच अपुरं वाटलं नाही. बर्निस यावेळी खाली उतरली, नव्या बुटांनिशी. फुलांसमोर ती बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, हे असं असतं होय?" ती म्हणाली. बर्निस सपाटीवरच्या शहरात वाढलेली. घंगाळ्यातली फुलं तिनं कितीदा पाहिली होती. "मला वाटायचं, तुम्ही लोक उगीच कौतुक करता."

मग ऊन तापलं. एका आठवड्यात असं तापलं की वरचं बर्फ एकदम सुटलं. दुरुस्ती आधीच उरकली होती. ऑर्व्हलच्या जुन्या सोबत्यांनी दारं बंद केली आणि त्याला निरोप पाठवला.

पाणी आवाज न करता आलं. भेगांमधून आधी ओल वर चढली, मग ओढा फुगला, मग काठ कुठला आणि ओढा कुठला ते कळेना. अर्डिथ आणि ऑर्व्हल पोचले तेव्हा उखळांचा खडक गेलेला होता. फुलांच्या खालच्या रांगा पाण्यात होत्या. पाणी बर्फाचं, काचेसारखं नितळ, आणि आत फुलं उभीच. देठ डुलत होते, पण वाऱ्यानं नव्हे. प्रत्येक पाकळीच्या कडेला हवेचे इवले मणी लागले होते. निळा रंग खोल झाला होता, संध्याकाळसारखा. बोटभर लांबीचा एक मासा झुबक्यांमधून सावकाश हिंडत होता.

अर्डिथ काठावर उकिडवी बसली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. तिच्या मनात दुःख नव्हतं. असलंच तर एखाद्याला गाडीत बसवून दिल्यावर फलाटावर उरतं, तेवढंच.

"राहू दे," ती म्हणाली. "आणले होते, परत केले."

तिनं मागे पाहिलं. ऑर्व्हल बूट काढत होता.

"काय करतोस?"

त्यानं विजार गुडघ्यावर दुमडली, कुदळ घेतली आणि पाण्यात शिरला. थंडीनं त्याच्या तोंडून शिवी निघाली.

"अरे ए! पाती हिरवी आहेत अजून! कंद पोसले नाहीत!"

"मातीसकट काढतो."

"न्यूमोनिया होईल, म्हाताऱ्या!"

"घंगाळं आण, ताई. ट्रकमध्ये आहेत. सगळी."

म्हणजे त्यानं आधीच ठरवलं होतं. अर्डिथ काही क्षण बघतच राहिली. ऑर्व्हल पाण्यात वाकून ढेकळं उचलत होता, फुलांसकट, देठांसकट, तान्ह्याच्या मानेखाली धरावा तसा एक हात खाली धरून.

"एवढी वर्षं वरून पाणी चढताना पाहिलं," तो वर न बघता म्हणाला. "खालून कसं दिसतं ते ठाऊक नव्हतं."

अर्डिथनं घंगाळं आणलं. मग स्वतःही पाण्यात शिरली.

वरच्या रांगा बऱ्याचशा निघाल्या. खडकाजवळच्या राहिल्या. तिकडे पाणी कमरेवर गेलं होतं आणि दोघांचे ओठ निळे पडले होते. ट्रकमध्ये हीटर लावून ते थरथरत बसले. मागे घंगाळ्यांतून फुलं बाहेर डोकावत होती.

"आता लावायचे कुठे?" अर्डिथनं विचारलं. "माझ्याकडे खडक आहे."

"माझ्याकडे हिरवळ आहे."

"तुझ्याकडे? हिरवळ बर्निसची आहे."

ऑर्व्हलनं गाडी अगदी हळू चालवली.

बर्निसची हिरवळ गल्लीत प्रसिद्ध होती. दुष्काळातही तिनं भांडी धुतलेलं पाणी बादल्यांनी घालून ती जगवली होती. मध्ये प्लास्टिकचं हरीण, कडेनं पांढरे दगड. तिनं दारातून ट्रक पाहिला, नवऱ्याची ओली विजार पाहिली, कुदळ पाहिली.

"नाही," ती म्हणाली.

"अजून काही बोललोच नाही मी."

"बोलायला कशाला हवं? कुदळ बोलतेय."

"अर्धीच, बर्निस. हरणाच्या पलीकडची."

"आणि पाणी?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "उन्हाळ्यात पाणी चालत नाही त्यांना," अर्डिथ म्हणाली. "अजिबात नाही."

"म्हणजे माझी हिरवळ मारायची."

बर्निस पायऱ्या उतरून ट्रकपाशी आली. घंगाळ्यातली फुलं आता मलूल झाली होती. एकाच झुबक्यावर एक मधमाशी बसली होती, तलावापासून इथवर आलेली, पंख ओले. बर्निसनं तिला फुंकर घातली. ती उडाली नाही.

"कपडे बदल आधी," ती नवऱ्याला म्हणाली. "मेलास तर खड्डे कोण खणेल?"

त्या उन्हाळ्यात गल्लीनं बर्निसची मजा पाहिली. लावलेली पाती आठवड्याभरात वाळली. गवत पिवळं झालं, मग तपकिरी, मग जमीनच दिसू लागली. हरीण वाळवंटात चुकल्यासारखं उभं. सवयीनं ऑर्व्हल एकदा नळी घेऊन निघाला, तर तिनं आतून तोटी बंद केली. समोरची बाई रोज कुत्रं फिरवताना थांबायची. "काय गं बर्निस, गवत रुसलं का?"

"झोपलेत ते," बर्निस ओसरीतून म्हणायची. "हळू बोल."

पुढच्या वसंतात पाती आली, केसासारखी बारीक, पण फूल एकही नाही. घुशींनी एक कोपरा साफ केला होता. ऑर्व्हलचं तोंड उतरलं. अर्डिथ म्हणाली, "उपाशीपोटी उठवलं होतं आपण त्यांना. यंदा खाऊ देत." त्याच्या पुढच्या वर्षी मोजकेच झुबके आले. चौथ्या वर्षी मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू होऊ लागल्या. तलाव तेव्हा काठोकाठ भरलेला होता. लोक होड्या फिरवायचे. खाली राहिलेल्या कंदांचं काय झालं, ते कोणी सांगू शकत नव्हतं. कुजले असणार, अर्डिथला माहीत होतं. कधी काठावरून जाताना ती पाण्याकडे बघायची, आणि माहीत असलेली गोष्ट थोडा वेळ बाजूला ठेवायची.

फुलं वाळल्यावर ती काठी घेऊन आली. बर्निस आडवी आली.

"खबरदार! चार वर्षं राखलेत मी."

"खणलं नाही तर दाटी होईल. मग फुलणं सोडतील. मोठे काढायचे, लहान परत पेरायचे."

"आणि मोठ्यांचं काय करायचं?"

"खायचे."

बर्निस दचकली. मग तिनं आत जाऊन हातमोजे आणले.

मागच्या अंगणात खड्डा करून, गरम दगडांत, ओल्या पानांखाली त्यांनी कंद दुपारभर भाजले. बाहेर आले तेव्हा मऊ झाले होते, किंचित गोड. ऑर्व्हल ओंजळ भरून घेऊन खुर्चीत बसला. डोळे मिटून एकेक चघळत होता.

"मीठ कमी आहे," बर्निस म्हणाली आणि आणखी दोन उचलले.

मग तिघं पुढच्या अंगणात आली. ऊन कलत होतं, शेजारचा कुत्रा भुंकत होता. अर्डिथनं पिल्लांची वाटी बर्निसच्या हातात दिली. बर्निस गुडघ्यांवर बसली आणि मोकळ्या केलेल्या मातीत बोट खुपसलं.

"किती खोल?"

"फार नको. स्वतःच ओढून घेतात खाली, दरवर्षी थोडे थोडे."

"खरंच?" बर्निसनं वाटीतलं एक पिल्लू उचलून उजेडात धरलं. तांदळाच्या दाण्याएवढं होतं. "बघ की. एवढ्याशाला एवढी अक्कल."

तिनं ते खड्ड्यात टाकलं, माती लोटली आणि पुढचं उचललं.